कवडीमोल

‘प्रेरणा’ या शब्दाचे मोल गेल्या काही वर्षांत फार उतरले आहे. एके काळी हा शब्द संतचरित्राच्या निरूपणात, शिवचरित्राच्या व्याख्यानात किंवा आयुष्य वेचून गेलेल्या एखाद्या कार्यकर्त्याच्या श्रद्धांजलीत भेटत असे. आता तो मोबाइलच्या पडद्यावर, उशीच्या अभ्र्याच्या छायाचित्राखाली, किमतीच्या शेजारी छापलेला असतो. लाल-निळ्या जाड सुती कापडावर बिलोरी आरसे, कडेने कवड्यांची ओळ, चौकटीत चौकट बसवलेले टाके, आणि खाली एक ओळ : भटक्या जीवनाच्या मुक्त रंगांपासून प्रेरित. कोणाचे जीवन, कोठले रंग, कोणत्या बाईने हा टाका प्रथम घातला, याचा उल्लेख तेथे क्वचितच आढळतो. ‘जिप्सी’ म्हटले, ‘बोहो’ म्हटले, की काम भागते.

या दोन शब्दांची कुळकथाही पाहण्याजोगी आहे. युरोपात भटकणारे रोमा लोक इजिप्तमधून आले असावेत, असा तेथील लोकांचा समज झाला आणि ‘इजिप्शियन’चे ‘जिप्सी’ झाले. फ्रेंचांना वाटले, हे बोहेमियातून आले. त्यातून ‘बोहेमियन’ आणि त्याचे आजचे लाडके रूप ‘बोहो’. रोमांची भाषा मुळात भारतीय, हे भाषाशास्त्राने कधीच सिद्ध केले आहे. म्हणजे पुसद-दिग्रसच्या तांड्यावर दिसणाऱ्या नक्षीचा माल बाजारात मांडताना त्याला इजिप्तचे नाव चालते, बोहेमियाचेही चालते. चालत नाही ते फक्त बंजाऱ्याचे.

हा निव्वळ शब्दच्छल आहे, असे कोणास वाटेल. तसे ते नाही. नाव गेले की मालकी जाते आणि मालकी गेली की मोल जाते, हा बाजाराचा नियम आहे. यवतमाळ जिल्ह्याने तो नियम एकदा कापसाच्या बाबतीत भोगला आहे. दुसऱ्यांदा तो कलेच्या बाबतीत भोगावा लागेल, अशी चिन्हे आहेत.

यवतमाळात बंजारा समाजाची वस्ती मोठी. पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी, महागाव या तालुक्यांत तांड्यामागून तांडे आहेत. पुसद तालुक्यातील गहुली या तांड्यावर १९१३ साली जन्मलेल्या वसंतराव नाईकांनी १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राची धुरा वाहिली. त्यांच्याच घराण्यातील सुधाकरराव १९९१ मध्ये मुख्यमंत्री झाले. राजकीय सन्मानाची उणीव या समाजाला नव्हती. परंतु राजकीय सन्मान आणि तांड्यावरील बाईच्या बोटांतील विद्येचा सन्मान या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली मिळाली म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही.

ती विद्या म्हणजे काय, हे शहरी वाचकांपैकी अनेकांना ठाऊक नसेल. फेटिया म्हणजे घेरदार घागरा, कांचळी म्हणजे पाठ मोकळी ठेवणारी आरशांची चोळी, टुकरी म्हणजे डोईवरची ओढणी. बाजारातील ‘ड्रेस’सारखे हे तयार मिळत नसे. मुलगी जाणती झाली की तिच्या हाती सुई येई. याडीजवळ, म्हणजे आईजवळ बसून ती टाके शिके आणि लग्न होईपर्यंत स्वतःचा साज स्वतःच भरीत असे. नमुना कागदावर नसे, तो डोक्यात असे. कापडाचे सूत मोजून टाका घालावयाचा. एक सूत चुकले तर संपूर्ण चौकट वाकडी. कोथळी नावाचा बटवा, डोक्यावर घागर ठेवण्यासाठीची चुंबळ, मानाच्या बैलाची झूल, या सर्वांवर तीच नक्षी. आरसा दृष्ट परतवतो, अशी श्रद्धा. कवडी लक्ष्मीचे रूप आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कवडी हे एकेकाळचे चलन.

येथे क्षणभर थांबावयास हवे. कवडी समुद्रातली. मालदीवच्या बेटांवरून ती भारतात येई आणि शतकानुशतके खेड्यांच्या बाजारांत नाणे म्हणून चाले. समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या तांड्यातील बाईच्या पदरावर ती कशी आली? ती व्यापारातून आली. बंजारा हा भणंग, दिशाहीन हिंडणारा नव्हताच. लवण म्हणजे मीठ वाहणारा तो लमाण, अशी त्याच्या नावाची व्युत्पत्ती सांगतात. हजारो बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून किनाऱ्यापासून पठारापर्यंत अखंड वाहतूक करणारा तो या देशाचा वाहतूकदार होता. दुष्काळात धान्य पोचविणारा तोच, सैन्यामागे रसद घेऊन चालणारा तोच. १८०३ च्या युद्धात आर्थर वेलस्ली दख्खनेत उतरला तेव्हा त्याच्या फौजेचे पोटही या बंजाऱ्यांच्या बैलांवरच अवलंबून होते. बाईच्या पदरावरची कवडी ही त्या व्यापाराची स्मृती आहे. तिला कोणी ‘मुक्त भटकंतीचे प्रतीक’ म्हणतो, तेव्हा तो एका मोठ्या व्यापारी समाजाचा इतिहास पुसून त्या जागी स्वतःच्या सुट्टीचे स्वप्न चिकटवत असतो.

इतिहासाची आणखी एक आठवण या संदर्भात अनाठायी ठरणार नाही. १६७५ साली दिल्लीच्या चांदणी चौकात गुरु तेगबहादूरांचे शिर उतरविण्यात आले. त्यांच्या देहाला हात लावण्याची कोणाची छाती नव्हती, तेव्हा लखीशाह बंजाऱ्याने तो देह आपल्या गाड्यांत दडवून रायसीन्याला नेला आणि स्वतःच्या घरासह त्याला अग्नी दिला. आज तेथे गुरुद्वारा रकाबगंज उभा आहे. हिंदू समाजाच्या संरक्षणासाठी घर जाळणाऱ्यांची ही परंपरा. तिचे ऋण भाषणांतून मान्य केले जाते. तिच्या लेकीसुनांच्या हातच्या वस्तूचे दाम देताना मात्र घासाघीस होते.

प्रथम बैल गेला, मग कापूस

इंग्रजी राज्यात बंजाऱ्यांचा व्यवसाय कसा बुडाला, हे ज्ञात आहे. मिठाचा व्यापार सरकारच्या मुठीत गेला. १८६७ मध्ये आगगाडी नागपूरला पोचली आणि वऱ्हाडच्या मुलखात बैलांच्या लमाणीला अर्थ उरला नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर ज्यांचा व्यवसाय हिरावला त्यांनाच देशाच्या अनेक भागांत जन्मजात चोर ठरविले. तो कलंक कागदावरून पुसला जाण्यास १९५२ साल उजाडावे लागले. तांडे स्थिर झाले, पुरुष शेतमजुरीला आणि ऊसतोडीला लागले. बाईच्या हातची सुई तेवढी हलत राहिली.

याच काळात यवतमाळच्या काळ्या जमिनीत दुसरा खेळ मांडला गेला होता. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता. विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने मूर्तिजापूरपासून यवतमाळपर्यंत अरुंद रूळ टाकले. लोकांनी पुढे जिला प्रेमाने ‘शकुंतला’ म्हटले, ती ही गाडी. तिच्या लाडिक नावामुळे तिचे काम विसरू नये. गाठी येथून जावयाच्या, मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढावयाच्या, मुंबईहून जहाजात, आणि कापड होऊन परत येथेच विकावयास यावयाच्या. शकुंतला आज बंद आहे. मात्र कच्चा माल न्यावा, पक्का माल आणावा आणि मधला सारा नफा आपल्याकडे ठेवावा, ही रीत बंद झालेली नाही. कापसाच्या या जिल्ह्याचे नाव नंतर देशभर गाजले ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे, हे येथे सविस्तर सांगण्याची आवश्यकता नाही.

आजचा कच्चा माल नक्षी आहे. तिला रूळ लागत नाहीत. तांड्यावरच्या लग्नात कोणी तरी छायाचित्र घेतो. ते संगणकावर चढते. त्यातील चौकटी, आरसे, कवड्या वेगळ्या काढून त्यांचा छपाईचा नमुना तयार होतो. यांत्रिक भरतकामाची यंत्रे एकाच वेळी अनेक सुया चालवून दिवसाकाठी जेवढे कापड भरतात, तेवढे तांड्यावरील बाई वर्षात भरू शकणार नाही. ते परवडत नसेल तर सरळ छापील कापड. त्यावर आरसा नसतो, आरशाचे चित्र असते! दृष्ट परतवणारा आरसा छापील निघाला, यापेक्षा या व्यवहाराचे मार्मिक वर्णन दुसरे कोणते असणार?

‘स्वतंत्र कलावंत’ आणि त्यांची दुकाने

ऑनलाइन बाजाराचा आरंभ मोठ्या उदात्त घोषणेने झाला होता. कारखान्यांच्या एकसुरी मालाला कंटाळलेल्या ग्राहकाने थेट कलावंताकडून हाताने घडविलेली वस्तू घ्यावी, मध्यस्थ नको, असे त्याचे सूत्र. २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात सुरू झालेले ‘एट्सी’ हे या विचाराचे प्रमुख केंद्र मानले गेले. पुढे काय झाले? २०१३ मध्ये विक्रेत्यांना बाहेरच्या उत्पादकांकडून माल करवून घेण्याची मुभा मिळाली. २०१५ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली. एप्रिल २०२२ मध्ये तिने प्रत्येक विक्रीवरील आपले शुल्क ५ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेले, तेव्हा हजारो विक्रेत्यांनी निषेध म्हणून आठवडाभर आपली दुकाने बंद ठेवली. मध्यस्थ नाहीसा होणार होता. तो फक्त अदृश्य झाला आणि गलेलठ्ठ झाला.

भारतातही अॅमेझॉनने २०१६ मध्ये ‘कारीगर’ आणि फ्लिपकार्टने २०१९ मध्ये ‘समर्थ’ या नावांनी हस्तकलेची दालने उघडली. नावे मोठी देशी. मालकी कोणाची, हे ग्राहकांस ठाऊक आहेच.

या ठिकाणी एक भेद स्पष्ट केला पाहिजे, अन्यथा निरपराधांवर अन्याय होईल. पुण्यात, नागपुरात, नाशकात नोकरी सांभाळून रात्री जागणाऱ्या, स्वतः शिवणाऱ्या, स्वतः रंगविणाऱ्या आणि घरबसल्या विक्री करणाऱ्या तरुण-तरुणींची संख्या वाढते आहे. त्यांचे कष्ट खरे आहेत. त्यांना तांड्यावरची नक्षी आवडावी, यातही गैर काही नाही. भारतीय कला अशीच एका हातातून दुसऱ्या हातात गेली आहे. आरसेकाम तरी मूळचे एकाच जातीचे थोडेच आहे? गुजरातेतील कपडवंजला काच फुगवून आरसे घडत आणि ते कच्छपासून दख्खनेपर्यंत जात. देवाणघेवाणीला आक्षेप नाही. परंतु देवाणघेवाणीत ‘देवाण’ही असते. ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव घ्यावे, शक्य तेथे कामाचा वाटा त्याच्याकडे द्यावा आणि विक्रीतील हिस्सा त्याच्यापर्यंत पोचवावा, एवढी ऋणनिर्देशाची रीत पाळली तर ती प्रेरणा. न पाळली तर त्या कृतीला मराठीत निराळा शब्द आहे.

जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन कंपनीने पुरुषांच्या पायांत जी पादत्राणे घालून त्यांना रंगमंचावर चालविले, ती पाहून कोल्हापूरचे शेंबडे पोरही त्यांचे नाव सांगू शकले असते. कंपनीने मात्र त्यांना केवळ चामडी सँडल म्हटले होते. महाराष्ट्रात संताप उसळला, तेव्हा कुठे कंपनीने पत्र लिहून भारतीय हस्तकलेपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. पुन्हा प्रेरणाच! कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले होते, तरी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणातील जनहित याचिका फेटाळली. मानांकनाचे नोंदणीकृत मालक न्यायालयात आलेले नाहीत, हे त्यामागील एक कारण होते. शिवाय मानांकनाचा कायदा प्रामुख्याने नावाचे रक्षण करतो. ज्याने नाव घेतलेच नाही, त्याला धरावे कोठे? नाव न घेणे हा निष्काळजीपणा नसून सुटकेचा मार्ग आहे, हे यातून ध्यानात यावे.

कोल्हापुरी चपलेच्या पाठीशी एक शहर आहे, चेंबर ऑफ कॉमर्स आहे, वृत्तपत्रे आहेत. महागाव तालुक्यातील एखाद्या तांड्याच्या पाठीशी कोण आहे?

कायद्याच्या कुंपणातली बाई

बंजारा भरतकामाला मानांकन नाही असे नाही. कर्नाटकातील संडूरच्या लंबाणी भरतकामाला ते आहे. संडूर म्हणजे घोरपड्यांचे जुने मराठा संस्थान. तेथील कुशल कला केंद्राने लंबाणी स्त्रियांना एकत्र आणले, त्यांचे टाके नावानिशी नोंदविले, माल बाजारात नेला. जुलै २०२३ मध्ये हंपी येथे जी-२० च्या संस्कृतिविषयक बैठकीवेळी लंबाणी भरतकामाच्या १७५५ वस्तूंचे प्रदर्शन मांडले गेले आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. हे सर्व अभिनंदनीय आहे. परंतु मानांकन भूगोलाला मिळते, कुळाला नाही. तेच गोत्र, तीच गोरमाटी बोली, तोच टाका असूनही पुसदच्या बाईला संडूरच्या मानांकनाचा काडीचा उपयोग नाही. ज्या समाजाने हजारो मैलांची वाट हाच आपला गाव मानला, त्याच्या कलेला कायदा विचारतो, तुमचा तालुका कोणता?

हाच प्रश्न अन्य खिडक्यांवरही विचारला जातो. पांढरकवड्याच्या दक्षिणेस पैनगंगा ओलांडली की तेलंगणातील आदिलाबाद लागते. तेथील बंजारा अनुसूचित जमातीत मोडतो. कर्नाटकात तोच अनुसूचित जातीत आहे आणि महाराष्ट्रात विमुक्त जातीत. आरक्षणाचा वाद येथे उकरावयाचा नाही. त्याचे काय ते समाज आणि न्यायालये पाहतील. कलेपुरते पाहावे. आदिवासी कारागिरांचा माल विकण्यासाठी केंद्र सरकारची ‘ट्रायफेड’ ही संस्था १९८७ पासून आहे. पैनगंगेच्या पलीकडची बहीण तिच्या दारात उभी राहू शकते, अलीकडची नाही. नदी ओलांडताना टाका बदलत नाही, दाखला तेवढा बदलतो.

कराचे पाहू. वस्तू व सेवा कर लागू झाला त्यानंतरची अनेक वर्षे गावात बसून माल विकणाऱ्याला ठरावीक उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नव्हती. ऑनलाइन बाजारपेठेतून विकणाऱ्याला मात्र पहिल्या बटव्यापासून ती होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना या सक्तीतून सूट मिळाली, हे विद्यमान शासनाचे श्रेय नि:संशय आहे. परंतु ती सूट राज्याच्या सीमेच्या आत विकणाऱ्यांनाच दिली गेली. आदिलाबादच्या ग्राहकाला या बाजारपेठांतून कोथळी पाठवावयाची, तर त्या सवलतीचा आधार नाही. ज्यांच्या पूर्वजांनी सुरतेपासून गोवळकोंड्यापर्यंत मीठ वाहिले, त्यांना पैनगंगा पार करण्यासाठी करसल्लागार गाठावा लागावा, हा काळाचा विनोद आहे.

पंतप्रधानांनी १७ सप्टेंबर २०२३ रोजी, विश्वकर्मा जयंतीदिनी, पीएम विश्वकर्मा योजनेचा आरंभ केला. सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार, शिंपी, बुरुड अशा अठरा व्यवसायांना प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि अल्प व्याजाचे कर्ज देणारी ही योजना. हाताने काम करणाऱ्याला ‘विश्वकर्मा’ म्हणून वंदन करणे, हा या मातीचाच विचार आहे आणि साठ वर्षे ज्यांना तो सुचला नाही त्यांनी त्यावर टीका करण्याचे कारण नाही. मात्र या अठरांच्या यादीत भरतकाम नाही. तांड्यावरील बाईला तेथे जावयाचे तर शिंपीण म्हणून जावे लागेल. शिवणे आणि भरणे यांतील फरक ज्या अधिकाऱ्याला कळत नाही, त्याच्या घरी बहुधा दोन्ही होत नसावे. आपल्या विचाराचे शासन आहे म्हणून ही उणीव दाखवू नये, असा दंडक कोणी घालीत असेल तर तो विश्वकर्म्याचाच अवमान होय.

यवतमाळच्या पूर्वेकडील झरी-जामणी, मारेगाव, केळापूर या भागांत कोलाम राहतात. तेथला कारागीर बांबूत काम करतो. त्याची अडचण आणखी वेगळी. टोपली वजनाने हलकी असते, पण जागा खूप व्यापते. आणि कुरिअर कंपन्या तिची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून त्यास ५००० ने भागतात व येईल तितके किलो धरून आकार लावतात. चाळीस सेंटीमीटर लांब-रुंद आणि तीस उंच खोक्यात बसणारी, किलोभरही न भरणारी टोपली अशा हिशेबात साडेनऊ किलोंहून अधिक वजनाची होते. कारागिराला हवेचे भाडे भरावे लागते. प्लास्टिकच्या टोपल्या एकीत एक बसवून शंभराने पाठवता येतात. ऑनलाइन बाजार सर्वांना समान संधी देतो, असे म्हणणाऱ्यांनी एकदा ही टोपली पाठवून पाहावी.

आता घरातले. तांड्याच्या कलेवर पाश्चात्य कंपन्या डल्ला मारतात म्हणून मुठी आवळणे सोपे आहे. नवरात्रात, दिवाळीत शहरांतील हिंदू मध्यमवर्गीय घरांच्या दारांवर जी आरशांची तोरणे लागतात, त्यांतील हाताने भरलेली किती आणि यंत्रावर काढलेली किती? स्वदेशीवर बौद्धिक ऐकून घरी परतणाऱ्या किती स्वयंसेवकांनी गरब्याची चनिया-चोळी घेताना ती कोणी भरली, असे विचारले असेल? जानेवारी २०२३ मध्ये जळगाव जिल्ह्यातील गोद्री येथे बंजारा, लबाना, नायकडा समाजाचा कुंभ झाला. लाखोंचा समुदाय लोटला, संतांनी समरसतेचा संदेश दिला, कार्यकर्त्यांनी रात्रंदिवस राबून व्यवस्था केली. तो संदेश मनापासून दिला गेला, यात शंका नाही. परंतु समरसता मंडपात एका पंगतीस बसण्याने सुरू होते, तेथे ती पूर्ण होत नाही. पंगतीत शेजारी बसलेल्या बाईच्या हातचा बटवा मागितला आणि तिने बाराशे रुपये सांगितल्यावर ‘एवढे?’ असा उद्गार निघाला, तर पंगत मोडलीच म्हणावयाची. त्या ‘एवढ्या’त पंधरा-वीस दिवसांच्या दुपारी असतात. तेवढेच पैसे मॉलमध्ये एका वेळच्या जेवणाला देताना हा उद्गार निघत नाही.

दुसऱ्या बाजूला काही बुद्धिवंत आहेत. बंजारा हा हिंदूच नव्हे, हे सिद्ध करण्यात त्यांचा सारा वेळ जातो. तुळजाभवानीला नवस बोलणारी, तीजेला टोपलीत गहू रुजवून नऊ-दहा दिवस त्याभोवती गाणारी, होळीला लेंगी म्हणणारी ही बाई कोण, याचा निवाडा परिसंवादात करू पाहणाऱ्यांनी तिच्या हातची एखादी वस्तू कधी विकत घेतली असल्यास तिची पावती दाखवावी.

तांड्यावर तरुण मुलींच्या हाती आता मोबाइल आहे. फेटिया-कांचळी अंगावर दिसते ती बहुतेक वयस्क बायांच्या. लेकी-सुना साडीत किंवा पंजाबी पोशाखात वावरतात आणि त्यात काही गैरही नाही. वजनदार फेटिया घालून कापूस वेचावा, असा आग्रह शहरातल्या खुर्चीत बसून कोणी धरू नये. प्रश्न विद्येचा आहे. आज्जीला टाका येतो, पण छायाचित्र काढता येत नाही, किंमत इंग्रजीत लिहिता येत नाही. नातीला हे दोन्ही येते, टाका येत नाही. दोघींमध्ये एका पिढीचे अंतर आहे आणि ते भरून काढण्यास दहा-पंधरा वर्षांहून अधिक अवधी हाताशी नाही. आज्जीची प्रेरणा काय होती, हे कोणा ग्राहकाने विचारले तर ती गोंधळून जाईल. तिच्या बोलीत यासाठी शब्द नसेल. लेक सासरी जाणार होती, म्हणून तिने भरले. बैल मानाचा होता, म्हणून झूल केली. सेवालाल महाराजांच्या नावाने भोग होता, म्हणून नवे वस्त्र लागले. तिची कला कर्तव्यातून निघाली. त्या कर्तव्याला बाजाराच्या खोक्यात बसविताना तिचे हसू होऊ नये, एवढी काळजी घेणारी माणसे तिच्या पाठीशी हवीत.

अशी माणसे उभी राहिली तर काय होते, याचे उदाहरण विदर्भातच आहे. मेळघाटातील लवादा येथे सुनील आणि निरुपमा देशपांडे या दाम्पत्याने संपूर्ण बांबू केंद्र उभारले. नानाजी देशमुखांच्या विचारांत घडलेला हा कार्यकर्ता कोरकू पाड्यांत जाऊन राहिला. बांबूच्या राख्या, घरगुती वस्तू, अगदी बांबूची घरेही तेथील हातांनी घडविली. तेथील राख्या शहरांतील घराघरांत पोचल्या त्या कोणा कंपनीच्या कृपेने नव्हे, तर कार्यकर्त्यांनी त्या खांद्यावरून नेल्या म्हणून. सुनीलजींचे २०२१ मध्ये निधन झाले. खुद्द यवतमाळमध्ये दीनदयाळांच्या नावाने चालणाऱ्या कामाने पारध्यांच्या पालांपर्यंत आणि आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांपर्यंत वाट काढली आहे. म्हणजे पायवाट आहे. भरतकामाच्या तांड्यांकडे ती अद्याप वळावयाची आहे.

वळावयाचे तर प्रारंभ पोहरादेवीपासून करता येईल. वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यातले हे सेवालाल महाराजांचे समाधिस्थान दिग्रसहून फार लांब नाही. रामनवमीला तेथे देशभरातून बंजारा समाज लोटतो. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते तेथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. येत्या रामनवमीपूर्वी त्या परिसरात यवतमाळच्या तांड्यांवरील बायांसाठी ओटे राखून ठेवावेत. प्रत्येक ओट्यावर भरणाऱ्या बाईचे नाव आणि तांड्याचे नाव देवनागरीत असावे. किंमत तिने ठरवावी आणि त्या किमतीवर घासाघीस होणार नाही, अशी पाटी यात्रा समितीने लावावी. डाक खात्याने निर्यातीसाठी खास केंद्रे उघडलीच आहेत. त्यातील एक खिडकी यात्रेपुरती पोहरादेवीला आणावी, म्हणजे लंडनला लेक असलेल्या नागपूरच्या आईला कोथळी तेथूनच धाडता येईल. पुसदच्या महाविद्यालयांतील मुलींनी आज्जींच्या टाक्यांची नावानिशी वही करावी, त्यांच्या शब्दांत, त्यांच्याच बोलीत. पुढे मानांकनाचा अर्ज करावयाचा झाला तर पुरावा म्हणून तीच वही लागेल. आणि पीएम विश्वकर्माच्या यादीत एकोणिसावा व्यवसाय घालावा, हे निवेदन जिल्ह्यातील लोकप्रतिनिधींच्या हाती यात्रेतच, त्या बायांच्या हस्ते द्यावे.